खडक कुणाच्या खात्यात?

१८५९ सालच्या जानेवारीत भोर घाटातल्या रेल्वेच्या कामावर मजुरांचा भडका उडाला. पगार थकले होते. कामावरच्या युरोपीय देखरेखवाल्यांवर मजूर चालून गेले, काम ठप्प झाले आणि मुंबई सरकारला चौकशी लावावी लागली. दोन महिने उलटले नाहीत तोच, मार्चमध्ये, मुख्य कंत्राटदार विल्यम फ्रेडरिक फॅविएल याने कंत्राट सोडून दिले.

फॅविएल हा काही कच्चा गडी नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तो रस्ता त्यानेच बांधलेला. सुरुवातीला फाउलर नावाचा भागीदार होता. तो प्रकृतीच्या कारणाने मध्येच गेला आणि फॅविएलने काम पुरे केले. घाटातून बाहेर पडल्यावर त्याने सिलोनमध्ये कोलंबो ते कँडी या डोंगरी रेल्वेचे कंत्राट घेतले आणि तेही तडीस नेले. असा माणूस भोर घाटात का हरला, याचे उत्तर इंजिनिअरिंगच्या पुस्तकांपेक्षा हिशेबाच्या वहीत शोधावे लागते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही लंडनमध्ये भांडवल उभे केलेली कंपनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने तिच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिलेली. कामावर कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले, त्यांच्या डोक्यावर सरकारचे सल्लागार अभियंते. खाली मुख्य कंत्राटदार, त्याच्या खाली टप्प्याटप्प्याचे पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम आणि सगळ्यांत तळाशी पहार मारणारा, पाट्या वाहणारा मजूर. पैसा या शिडीने वरून खाली उतरायचा. कंपनीचा अभियंता झालेले काम मोजणार, दाखला देणार, त्यातली काही रक्कम तारण म्हणून राखून उरलेली कंत्राटदाराला मिळणार, आणि मग एकेक पायरी करत ती खाली झिरपणार. लंडनच्या भागधारकाचे पाच टक्के पक्के होते. घाटातल्या वडाराची महिनाअखेरही पक्की नव्हती.

शिडीवर कुठेतरी मोजणीचा वाद अडला की त्याचा फटका तळाला बसणार हे उघडच होते. आज ज्याला बांधकाम व्यवसायात ‘क्लेम’ म्हणतात, त्याचा महाराष्ट्रातला इतिहास सांगायचा तर तो इथून सुरू करावा लागेल. कंत्राटात ठरली त्यापेक्षा वेगळी परिस्थिती निघाली, काम वाढले, उशीर झाला, तर त्या जादा खर्चाचे पैसे कोणी द्यायचे, एवढाच हा प्रश्न. गेली पावणेदोनशे वर्षे तो विचारला जातोय.

भोर घाटात त्याचे नाव होते खडक. साधारण पावणेसोळा मैलांचा हा चढ १,८३१ फूट उंची गाठतो. जास्तीत जास्त चढण ३७ फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे व्हायाडक्ट (दरीवरचे पूल), शिवाय एक उलटवणी स्टेशन, जिथे गाडीचे तोंड फिरवून पुढचा चढ चढायचा. जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा कंत्राटदाराने दर दिलेला होता तो डोंगर पोटातून कुणी पाहायच्या आधी. सह्याद्रीचा खडक तर मोठा लबाड. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. वरचा थर पहारेला दाद देत नाही, त्याच्या खालचा भोकाभोकांचा आणि ठिसूळ, मधूनच लाल मातीचा पट्टा. वाफेचे यंत्र नाही, डायनामाइटचा शोध लागलेला नाही. पोलादी पहार, हातोडा आणि काळी दारू. कड्यावर उभे राहायला जागा नसेल तिथे माणूस दोराने खाली सोडायचा, त्याने लटकत भोके पाडायची, दारू ठासायची आणि बत्ती लावण्याआधी त्याला वर ओढून घ्यायचे. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम बंद. म्हणजे वर्षात आठ महिने कामाचे आणि त्यात साथीचे दिवस वजा.

डोंगर कल्पनेपेक्षा कठीण निघाला तर तोटा कंत्राटदाराचा, हा त्या काळच्या इंग्लंडचा शिरस्ता. भोर घाटाचे काम सुरू होण्याआधी दोनच वर्षे, १८५४ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने या बाबतीत एक गाजलेला निकाल दिला होता. विल्यम रेंजर नावाच्या कंत्राटदाराने १८३६ च्या सुमारास ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ब्रिस्टॉलजवळचे बोगद्यांचे काम घेतले होते. चाचणीचे खड्डे पाहून दर भरला. प्रत्यक्षात खडक फारच टणक निघाला. काम रेंगाळले, कंपनीने त्याला काढून टाकले आणि त्याची सामग्री ताब्यात घेतली. रेंजरने दावा ठोकला. त्यात एक मुद्दा असा की मोजमाप करणारा आणि वादात निवाडा देणारा अभियंता, म्हणजे साक्षात इझंबार्ड ब्रुनेल, हा कंपनीचा भागधारक आहे. मग तो निःपक्ष कसा? लॉर्ड्सनी तो मुद्दा फेटाळला. अभियंता कंपनीचाच माणूस आहे हे कंत्राटदाराला आधीपासून ठाऊक होते, तेव्हा आता त्याच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही, असा त्याचा मथितार्थ. दावा तब्बल सोळा वर्षे चालला. कंत्राटदार हरला.

अभियंता मालकाचा नोकर आणि तोच पंच, ही रचना तिथून बोटीने मुंबईला आली. ती आजही पुरती गेलेली नाही.

फॅविएलने हात टेकल्यावर कंपनीचेच दोन अभियंते, अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर, यांनी काही महिने काम चालू ठेवले. त्याच वर्षी नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याला मिळाले. तो मुंबईला उतरला आणि पंधरा दिवसांत आजाराने वारला. आता तिसऱ्यांदा कंत्राटदार शोधायची पाळी येणार, असेच कुणालाही वाटले असते. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल मात्र परत गेली नाही. तिने नवऱ्याचे कंत्राट पुढे चालवले. अ‍ॅडम्सन आणि क्लाउझर यांनाच तिने व्यवस्थापक नेमले. कालपर्यंत कंपनीच्या बाजूने मोजमापे घेणारी ही जोडी आता कंत्राटदाराच्या बाजूला आली. कुठल्या मोजणीत काय सुटते, कुठला दाखला कुठे अडतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तिच्या या निवडीचे मोल चरित्रकारांनी फारसे जोखलेले नाही. तिच्या धैर्याचे कौतुक होते, तिच्या व्यवहारज्ञानाचे कमी. १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० माणसे राबत होती. एवढ्यांचा पगार चुकता करत राहणे हेच मोठे काम होते. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. बर्कले तो दिवस पाहायला उरले नव्हते. आदल्या वर्षीच ते वारले होते.

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. घाट सुरू होऊन चार वर्षे झाली, आणि १८६७ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, आठ कमानींचा ‘माहू की माळी’ व्हायाडक्ट कोसळला. दगडी बांधकाम कच्चे निघाले. त्या जागेवर पुढे लोखंडी तुळयांचा पूल उभा राहिला. काम पुरे झाले, ताबा दिला, बिल चुकते झाले, आणि मग दोष उघडा पडला, तर भरपाई कोणाकडे मागायची? क्लेम ही काही फक्त कंत्राटदाराची मिरास नव्हे, तो मालकाच्या बाजूनेही येतो. आज रस्त्याच्या कडेला जे फलक दिसतात, ‘दोषदायित्व कालावधी’ अमुक वर्षे, ते याच काळजीतून आलेले आहेत. फलकाशेजारीच खड्डा असतो, ही गोष्ट वेगळी.

जानेवारी १८५९ च्या दंग्याचे काय झाले? त्यातून एक कायदा निघाला. १८६० चा नववा कायदा, मालक आणि मजूर यांच्यातल्या तंट्यांविषयीचा. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरांच्या पगाराचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, अशी तरतूद त्यात केली. ऐकायला बरी. पण त्याच कायद्यात ठरलेले काम अर्धवट टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याचीही सोय होती. पगार मागायला एक दार उघडले आणि काम सोडायचे दार लावून घेतले. हा कायदा थेट १९३२ साली रद्द झाला. कंत्राटदाराने करार मोडला तर त्याच्या खिशाला चाट, मजुराने मोडला तर तुरुंग, हा न्याय बहात्तर वर्षे चालला.

सरकारी बाजूला याच दशकात आणखी एक संस्था आकाराला येत होती. डलहौसीने १८५४ मध्ये जुन्या लष्करी मंडळांकडून बांधकामे काढून घेऊन सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले. खात्याबरोबर त्याची नियमावली आली आणि नियमावलीबरोबर ती वही आली जिच्याभोवती कंत्राटदाराचे सारे आयुष्य फिरते. मोजमाप पुस्तिका. बोलताना कुणी असे म्हणत नाही. सगळे ‘एमबी’ म्हणतात.

एमबीचे नियम सोवळ्याओवळ्यासारखे कडक. पानांवर आधीच क्रमांक छापलेले, पान फाडायचे नाही. नोंद जागेवर उभे राहून करायची. खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. लांबी, रुंदी, उंची किंवा खोली, मग घन. शाखा अभियंता लिहितो, उपअभियंता तपासतो, त्यावरून बिल तयार होते. कोर्टात एमबीची नोंद म्हणजे पुराव्याचा राजा. एमबीत नाही ते झालेच नाही, असे खात्यात धरून चालतात.

आता पायाच्या खड्ड्याकडे पाहा. दरसूचीत, म्हणजे डीएसआरमध्ये, खोदाईचे थर वेगवेगळे: माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मग सॉफ्ट रॉक, मग हार्ड रॉक. प्रत्येकाचा दर निराळा. पहार-टिकावाने निघाला तर सॉफ्ट रॉक, सुरुंग किंवा ब्रेकर लावावा लागला तर हार्ड रॉक, इतकी ही ओळख ढोबळ. कंत्राटदार म्हणतो दीड मीटरवर हार्ड रॉक लागला. साहेब म्हणतात अजून अर्धा मीटर सॉफ्टच आहे. त्या अर्ध्या मीटरमध्ये शंभर खड्ड्यांचा नफा-तोटा असतो. चतुर कंत्राटदार अशा वेळी काम थांबवून साहेबांना जागेवर बोलावतो, थराची रेघ चुन्याच्या फक्कीने आखतो, टेप लावून तारखेसह फोटो काढतो आणि त्याच दिवशी पत्र देऊन पोचीचा शिक्का घेतो. कारण उद्या त्या खड्ड्यात काँक्रीट पडणार. परवा खडक हार्ड होता की सॉफ्ट, हे सांगायला कुणी उरणार नाही. मातीच्या मोठ्या खोदाईत मूळ जमिनीच्या उंचीचे खांब मध्येमध्ये तसेच ठेवायची जुनी पद्धत आहे तीही त्याचसाठी. खोली किती होती याचा पुरावा मोजणी होईपर्यंत उभा राहिला पाहिजे.

देशी माणूस या व्यवसायात लवकरच उतरला. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी १८५० च्या दशकातच याच रेल्वेची कंत्राटे घेऊन गोऱ्या कंत्राटदारांच्या तोडीचे काम करून दाखवले. मराठी मुलुखातली पुढची मोठी जोडी म्हणजे लक्ष्मण बळवंत फाटक आणि वालचंद हिराचंद. फाटक हे रेल्वेतले माजी कारकून. वालचंद सोलापूरच्या सावकारी-व्यापारी जैन घरातले. एकाला रेल्वेचे कागद वाचता येत होते, दुसऱ्याला भांडवल उभे करता येत होते. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून ‘फाटक-वालचंद’ सुरू झाली, आणि पुढे वालचंद टाटांच्या बांधकाम कंपनीत गेले. भोर घाटातले उलटवणी स्टेशन काढून टाकण्यासाठी १९२० च्या दशकात जे नवे बोगदे खणले गेले, ते वालचंदांच्या खात्यावरचे मोठे काम. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. ज्या डोंगराने फॅविएलला घालवले, तिथे सत्तर वर्षांनी सोलापूरचा माणूस यशस्वी ठरला. दारूची जागा तोवर डायनामाइटने घेतली होती, हेही जमेस धरायला हवे. पण कंत्राट हाताळायला कागद वाचता येणारा भागीदार हवा, हे वालचंदांना पहिल्याच कामात उमगले होते.

स्वातंत्र्यानंतर धरणे, कालवे, पूल, वसाहती यांचा धडाका सुरू झाला आणि तंटे कोर्टांत जाऊ लागले. १८७२ च्या करार कायद्याची कलमे तोवर जुनी झाली होती. बांधकामाच्या संदर्भात त्यांना अर्थ मिळाला तो या खटल्यांतून.

पहिला मोठा खटला विटांचा. थावरदास फेरुमल या कंत्राटदाराने केंद्रीय बांधकाम खात्याला अडीच कोटी विटा पुरवायचे काम घेतले होते. खात्याने भाजलेल्या विटा वेळेवर उचलल्या नाहीत. भट्ट्या तुंबल्या, नव्या कच्च्या विटा भट्टीत घालता येईनात, आणि पाऊस आला. सुमारे ८८ लाख कच्च्या विटांचा चिखल झाला. चूक खात्याची, हे उघड दिसत होते. लवादाने भरपाई दिलीही. पण करारात एक कलम होते: कच्च्या विटांचे कोणत्याही कारणाने नुकसान झाले तरी खाते कसलाही दावा मान्य करणार नाही. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमावर बोट ठेवून लवादाचा तो निर्णय रद्द ठरवला. टेंडरच्या जाडजूड बाडातले एक वाक्य ८८ लाख विटांना भारी पडले. टेंडर न वाचता टक्केवारी भरणाऱ्यांनी हा निकाल ऑफिसात फ्रेम करून लावावा.

दुसरा खटला बंगालचा आणि कंत्राटदाराला दिलासा देणारा. महायुद्धाच्या काळात बी. के. मंडल अँड सन्स यांनी नागरी पुरवठा खात्याच्या अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गोदामे वगैरे बांधून दिली. बिल मागितले तेव्हा सरकारने हात वर केले: कायद्याने ठरवलेल्या नमुन्यात लेखी करार झालेला नाही, सबब देणे नाही. गोदामे मात्र वापरून झाली होती. डिसेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार कायद्याच्या ७० व्या कलमाचा आधार घेतला. एखाद्याने फुकट करायच्या हेतूने नव्हे अशा रीतीने काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावाच लागतो. ‘आधी काम करा, कागद नंतर बघू’ असे तोंडी सांगणारा साहेब आजही प्रत्येक साइटवर भेटतो. त्याच्या शब्दावर केलेल्या कामाला जो काही आधार आहे तो हाच.

तिसरा मात्र घरचा आहे. नाशिक डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलाला, आळंदी नदी ओलांडण्यासाठी जलसेतू बांधायचा होता. काम साधारण लाखभर रुपयांचे, मुदत बारा महिने, सुरुवात जुलै १९५५. जुलै! नदीपात्रात पाया घ्यायचा आणि वर्क ऑर्डर ऐन पावसाळ्यात. असले टायमिंग फक्त सरकारी दप्तरालाच साधते. पाऊस, जायला धड रस्ता नाही, आणलेले सामान नाकारले जाते, अशा तक्रारी कंत्राटदार हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स यांनी मांडल्या आणि मुदतवाढ मागितली. खात्याने ऑगस्ट १९५६ मध्ये मुदत संपली म्हणून कंत्राट रद्द केले आणि अनामत जप्त केली. प्रकरण पायऱ्या चढत दिल्लीला पोचले. १९७९ मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणाले, ज्या करारात उशिरासाठी दररोजच्या दंडाचे कलम आहे आणि मुदतवाढ देण्याचेही कलम आहे, त्या करारात मुदत हाच करारनाम्याचा प्राण होता असे म्हणता येणार नाही. तेव्हा नुसते बारा महिने संपले म्हणून कंत्राट रद्द करणे चूक. निकाल कंत्राटदाराच्या बाजूने गेला. एका छोट्या जलसेतूसाठी तेवीस वर्षे लागली. पण हा निकाल आजही मुदतवाढीच्या प्रत्येक वादात उद्धृत होतो, आणि त्यामुळे ती आळंदी नदी देशभरच्या वकिलांना तोंडपाठ आहे.

राहिला जुनाच प्रश्न: पंच कोण? सरकारी करारांत अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक राहील, असे कलम वर्षानुवर्षे चालत आले. महाराष्ट्रातल्या बी-वन या करारनमुन्यात ते तिसावे कलम. हे लवादाचे कलम म्हणायचे की नाही, यावर कज्जे झाले. उत्तर प्रदेशच्या टिपर चंद खटल्यात १९८० मध्ये आणि ओडिशाच्या दामोदर दास खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे कलम कामावरची देखरेख आणि प्रशासन यांच्यापुरते आहे, त्यातून लवाद उभा राहत नाही. म्हणजे ब्रुनेलची खुर्ची काही अंशी काढून घेतली गेली, पण तिच्या जागी दुसरी आपोआप मिळाली नाही. करारात स्वतंत्र लवादाचे कलम नसेल तर दिवाणी कोर्ट गाठा.

आणि लवाद असला तरी? १९४० च्या लवाद कायद्याखाली निर्णय घेऊन कोर्टात जायचे, तिथून वर, तिथून परत, असा फेरा असे. १९८१ मध्ये गुरु नानक फाउंडेशनच्या इमारत बांधकामाच्या खटल्यात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी या कायद्याची जी खरडपट्टी काढली ती प्रसिद्ध आहे. १९९६ मध्ये नवा कायदा आला. २०१५ च्या दुरुस्तीने निर्णयाला बारा महिन्यांची मुदत घातली आणि निर्णयाला आव्हान दिले की आपोआप स्थगिती मिळायची ती सोय काढून टाकली.

दरम्यान कामांचे आकडे फुगत गेले. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा अंदाज ६६० कोटींचा होता. आराखड्यातले बदल आणि वर्षे जाऊन ३० जून २००९ रोजी तो खुला झाला तेव्हा खर्च १,६०० कोटींच्या घरात पोचला होता. अशा कामांवर आता क्लेम सांभाळणे हा वेगळा पेशा झाला आहे. महामार्ग आणि मेट्रोच्या कामांत सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, फिडिकचे, करारनमुने आले. घटना कळल्यापासून अठ्ठावीस दिवसांत नोटीस दिली नाही तर हक्क गेला, असे त्यांचे कलम सांगते. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी माणसे बसवलेली असतात. तालुक्याच्या कंत्राटदाराकडे त्या जागी एक मुलगा असतो. तोच बँकेत जातो, तोच सिमेंटचे चलन घेतो आणि तोच पत्र टाइप करतो.

छोट्याला अडवायची आणखी एक जागा म्हणजे शेवटचे बिल. ‘माझा काही दावा उरलेला नाही’ असे लिहून द्या, मग चेक निघेल. कर्जाचे व्याज चढत असते, माणूस सही करतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बोघारा पॉलिफॅब या विम्याच्या प्रकरणात या प्रथेची दखल घेतली: पैसे अडवून, दबावाखाली लिहून घेतलेले ना-दावा प्रमाणपत्र दाव्याची वाट बंद करत नाही. मात्र दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर. म्हणून अनुभवी कंत्राटदार सहीच्या वर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहितात. कारकून पाहतो, कपाळाला आठी घालतो आणि कोरे दुसरे पान पुढे सरकवतो.

केंद्र सरकारने २०१६ पासून दोन उलट दिशांना पावले टाकली. ऑगस्ट २०१६ मध्ये ठरले की सरकारी संस्थेने लवादाच्या निर्णयाला आव्हान दिले असले तरी बँक हमी घेऊन कंत्राटदाराला ७५ टक्के रक्कम द्यावी. २०२३ मध्ये ‘विवाद से विश्वास’ योजनेचा दुसरा भाग आला. लवादाने मंजूर केलेल्या रकमेच्या ६५ टक्क्यांपर्यंत आणि कोर्टाने मंजूर केलेल्या रकमेच्या ८५ टक्क्यांपर्यंत घ्या आणि भांडण मिटवा. जिंकलेल्याला पस्तीस टक्के सोडायला सांगणारी तडजोड! मग ३ जून २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने सूचना काढली की सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, आणि घातलेच तर साधारण दहा कोटींच्या आतल्या वादांपुरते ठेवावे. मोठे तंटे मध्यस्थीने सोडवा, नाही तर कोर्ट आहेच. नाशिकच्या जलसेतूला कोर्टात किती वर्षे लागली हे पाहता ही सूचना काढणाऱ्यांच्या धीराला दाद द्यावी लागेल.

महाराष्ट्रात तर क्लेमपर्यंत जायचीही गरज राहिलेली नाही. मान्य झालेली, एमबीत चढलेली, सह्या झालेली बिलेच थकतात. २०२५ मध्ये राज्यभरचे कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले. या बिलांत खडक हार्ड की सॉफ्ट हा वाद नाही, मुदतीचा वाद नाही. निधी नाही, एवढेच उत्तर. आणि कंत्राटदाराचे बिल थकले की मुकादमाचे थकते, मुकादमाचे थकले की मजुराचे. सरकारने लवाद ठेवावा की काढावा यावर परिषदा भरवायच्या त्या भरवाव्यात. त्याआधी एक साधी गोष्ट करावी: ज्या कामाचे पैसे तिजोरीत नाहीत त्याची वर्क ऑर्डर काढू नये.